विजेवर चालणारी पवनचक्की

जपानी लिपीत ‘वारा’ आणि ‘चाक’ ही दोन अक्षरं शेजारी शेजारी लिहिली की त्यांचे दोन उच्चार होऊ शकतात. एकाचा अर्थ पवनचक्की, दुसऱ्याचा भिरभिरं. कुठला कधी घ्यायचा ते म्हणे संदर्भावरून कळतं. मला संदर्भ कळायला लागायचा होता. त्यामुळे इचिकावा स्टेशनच्या बाहेर फुकट मिळणाऱ्या नोकऱ्यांच्या चोपड्यात ती जाहिरात वाचली आणि घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, “तळ्याकाठच्या एका बागेत भिरभिरी विकायला बाई हवी आहे. इंग्रजी येणारी.”

सुहास लॅपटॉपमधून मान वर न काढता म्हणाला, “जा की. घरात बसून माझ्याशी भांडण्यापेक्षा बरं.”

पुण्यात मी मेकॅनिकल इंजिनिअर होते. भोसरीच्या एका कारखान्यात गिअर बनवायचे. सुहासला जपानचं प्रोजेक्ट मिळालं आणि मी त्याच्याबरोबर आले. माझ्या व्हिसावर जो शब्द छापलेला होता त्याचं सरळ मराठी ‘पोसलेली’ असं होतं. पोसलेल्यांना आठवड्यातले ठरावीक तास काम करायची मुभा असते, आणि त्या तासांत जे मिळेल ते करायचं असतं. माझ्या मैत्रिणी डबे भरत होत्या, कन्व्हिनियन्स स्टोअरच्या काउंटरवर उभ्या होत्या. भिरभिरी विकणं त्या मानाने हवेशीर.

ट्रेन दोनदा बदलून गेले आणि स्टेशनपासून तळ्यापर्यंत चालत गेले, तर समोर चार मजली उंच भिरभिरं उभं होतं.

खाली विटांचं जोतं, वर बोरूच्या गवताने शाकारलेला आठ कोनी बुरूज, त्यावर होडी उलटी घालावी तशी टोपी, आणि टोपीच्या तोंडाशी चार लांबलचक पाती. अस्सल हॉलंडची पवनचक्की. जपानमध्ये, भाताच्या खाचरांशेजारी. दारात निळ्या डगल्यातले एक म्हातारे उभे होते. हे नागाई-सान, चक्कीचे चालक. माझी मुलाखत त्यांनीच घेतली.

“उंचीची भीती वाटते?”

“नाही.”

“डुकराच्या चरबीची?”

हा प्रश्न पटवर्धनांच्या सुनेला याआधी कोणी विचारलेला नसावा. मी म्हणाले, “का?”

“आसाला लावावी लागते. हाताने. तेल चालत नाही, ओघळून जातं.”

मी हो म्हणाले. नोकरी मिळाली. चरबीचं सासूबाईंना आजतागायत कळलेलं नाही. आपल्या मराठी मंडळाचा हा अंक पुण्याला पोचतो, तेव्हा आता कळेल. पण त्यांना त्याहून मोठा धक्का तेव्हाच बसून गेला होता. मी फोनवर आनंदाने सांगितलं होतं.

“पवनचक्की म्हणजे ती वीज बनवतात ती?” त्यांनी विचारलं.

“नाही आई, ही जुनी. दळणाची.”

“दळणाची म्हणजे?”

“वाऱ्यावर जातं फिरतं, पीठ पडतं.”

मग त्या म्हणाल्या, “म्हणजे गिरणी.”

“हो, म्हणजे तसं…”

“अगं, मग आपल्या कोपऱ्यावरच्या गिरणीत काय वाईट होतं?”

तेव्हापासून सासरी माझा उल्लेख ‘आमची गिरणीवाली’ असा होतो. जपान्यांना ‘पटवर्धन’ म्हणता येत नाही. ते ‘पातोवारुदान’ म्हणतात, आणि दमले की ‘पातो-सान’. इथली मुलं पोलिसांच्या गाडीला ‘पातो’ म्हणतात, त्यामुळे शाळेची सहल आली की पोरं मला सॅल्यूट ठोकतात. गिरणीवालीपेक्षा ते परवडलं.

या चक्कीचा इतिहास मी आजवर इतक्यांदा सांगितला आहे की झोपेतही सांगेन. माहितीपत्रकात लिहिलंय की ती ‘दोन देशांच्या मैत्रीचं प्रतीक’ आहे. खरी हकिकत अशी. जपानमध्ये एके काळी पैसा इतका झाला होता की गावोगावच्या कचेऱ्यांना तो कुठे ठेवावा कळेना. कुणी स्वित्झर्लंडसारखं गाव उभारलं, कुणी स्पेनसारखं. आमच्या गावचे तेव्हाचे महापौर हॉलंडला ‘अभ्यासदौऱ्यावर’ गेले आणि एका कालव्याच्या काठी त्यांना ही चक्की दिसली. तिने पिढ्यान् पिढ्या गहू दळला होता. मग डिझेलचं इंजिन आलं, तिचं काम गेलं, आणि टोपीत कबुतरं राहायला आली. महापौरांनी मागणी घातली. तिथले लोक बहुधा चकित होऊन हो म्हणाले.

चक्की सुटी केली, प्रत्येक वाशावर रंगाने नंबर घातले, आणि जहाजाने योकोहामाला आणली. हॉलंडहून सुतार आले. इथेपर्यंत सगळं सुरळीत. मग इथल्या कायद्याने तिच्याकडे पाहिलं. भूकंप झाला तर? म्हणून लाकडी बुरुजाच्या आत पोलादी सांगाडा बसवला. म्हातारीला कंबरपट्टा घालावा तसा. गवताच्या शाकारणीला आग लागली तर? म्हणून गवतावर औषध मारलं. आमच्या तळ्याच्या काठाला माणूस बुडेल इतका बोरू माजतो, पण शाकारणीचं गवत हॉलंडहूनच यायला हवं, असं ठरावात होतं, म्हणून ते जहाजातून आलं. जिथून बोरू तोडला असता त्या जागेवर पार्किंग केलं.

तरी आतलं यंत्र जुनंच राहिलं, आणि पहिल्या दिवशी मी अर्धा तास त्याचे दाते मोजत उभी होते. पात्यांचा आस म्हणजे झाडाच्या बुंध्याएवढं धूड, किंचित मागे कललेलं. त्यावर माणसाहून उंच लाकडी दातेरी चाक. ते चाक एका उभ्या खांबाला फिरवतं, खांब खाली येऊन जात्याचा वरचा दगड फिरवतो. दाते लाकडाचे, एकेक हाताने तासलेला. एक मोडला तर तेवढाच बदलायचा. दोन चाकांच्या दात्यांची संख्या मुद्दाम अशी ठेवलेली की तोच दाता त्याच दात्याला लागोपाठच्या फेरीत भेटत नाही, सगळे सारखे झिजतात. भोसरीत आम्ही हीच युक्ती कॉम्प्युटरवर काढायचो आणि वर पाठ थोपटून घ्यायचो.

पाती म्हणजे लाकडी जाळ्या. त्यांवर शिडाचं कापड ताणायचं. वारा कमी असेल तर पूर्ण, जास्त असेल तर अर्धं गुंडाळायचं, वादळात नुसती जाळी. अख्खी टोपी फिरते; तिच्या मागून एक लांब शेपूट जमिनीपर्यंत येतं, त्याच्या टोकाला मोठं रहाटचाक. ते फिरवून तोंड वाऱ्याकडे करायचं. आणि त्या शेपटाशीच ब्रेकचा दोर लोंबतो. वर, मोठ्या चाकाच्या कडेला लाकडी ठोकळ्यांचा पट्टा असतो, दोर सोडला की तो आवळतो. नागाई-सान मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायचे: चक्की ब्रेकने थांबत नाही, दळणाने थांबते. जात्यात धान्य असलं की तिच्या अंगावर ओझं असतं, ती शहाण्यासारखी चालते. रिकामी चक्की जोराच्या वाऱ्यात सुटली आणि तुम्ही नुसता ब्रेक आवळून धरलात, तर लाकडावर लाकूड घासून आग लागते. हॉलंडमध्ये अशा कित्येक चक्क्या जळाल्या, असं ते सांगायचे. ते स्वतःबद्दलही पुष्कळ काही सांगायचे. त्यांच्या गुडघ्याला पाऊस आधी कळतो असा त्यांचा दावा होता, आणि गुडघा दररोज पावसाची खबर द्यायचा. पण चक्कीबद्दल म्हातारा खोटं बोलला नाही. पुढे तो गुडघा खरंच बसला, ते मुलीकडे राहायला गेले, आणि दोर माझ्या हातात आला. पद तेच, अर्धवेळ मार्गदर्शिका. जबाबदारी अख्ख्या चक्कीची.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. आपल्या मराठी माणसांचा पहिला प्रश्न ठरलेला: “किती किलोवॉट?” मी म्हणायचे, वीज नाही, पीठ. चेहरा पडायचा. एकदा हॉलंडचं एक वयस्क जोडपं आलं. बाहेरच उभं राहून दोघं एकमेकांकडे पाहत राहिले. काकू मला म्हणाल्या, “आम्ही जपान बघायला आलो होतो हो. ही तर आमच्या घराच्या मागे आहे.” त्यांना टूर कंपनीने फसवलं नव्हतं, ‘सरप्राइझ’ दिलं होतं.

आणि मग आमच्याकडे हिरायामा-सान बदलून आले.

गावच्या कचेरीत कुणालाही एका खात्यात फार काळ ठेवत नाहीत, न जाणो त्याला त्यातलं कळू लागायचं. हिरायामा-सान आधी पाणीपुरवठ्यात होते, त्याआधी वाचनालयात. आमच्या बागेचे प्रमुख म्हणून आले. सडपातळ, नीटनेटके, खिशात तीन रंगांची पेनं, आणि कुठल्याही वाक्याच्या शेवटी ‘काही झालं तर?’ पहिल्याच आठवड्यात ते जात्याजवळ आले, गव्हाचं पीठ उडताना पाहिलं आणि दोन पावलं मागे सरले.

“पातो-सान, कुणाला गव्हाची अॅलर्जी असेल तर?”

“पाटी लावू या.”

“पाटी वाचली नाही तर?”

महिनाभराने जातं बंद झालं. उभ्या खांबापासून दगड सोडवून ठेवला. चक्की आता नुसतीच फिरायची. मी सांगितलं की रिकामी चक्की चालवणं बरं नाही. त्यांनी ते लाल पेनाने लिहून घेतलं आणि मान हलवली. जपानमध्ये मान हलवणं म्हणजे ‘ऐकलं’. ‘पटलं’साठी वेगळी सोय आहे, ती माझ्या वाट्याला आली नाही.

दुसरी सुधारणा ट्यूलिपच्या जत्रेसाठी. वसंतात आमच्या बागेत ट्यूलिप फुलतात, रांगेने, हुकमाने. लोक बसगाड्या भरून येतात आणि फुलांमागे फिरती चक्की येईल असा फोटो काढतात. एका वर्षी जत्रेतल्या रविवारी वारा पडला. चक्की उभी. कचेरीत तक्रारी आल्या. एका गृहस्थांनी तर लिहिलं की चक्की बंद आहे हे वेबसाइटवर आधी सांगायला हवं होतं.

हिरायामा-सानांनी वाऱ्यावर उपाय काढला. त्यांनी चक्कीला मोटर बसवली.

मी हे पुन्हा लिहिते, कारण हे लिहिताना मला अजून हात थांबवावा लागतो. पवनचक्कीला विजेची मोटर. उभ्या खांबाला पट्टा, पट्ट्याला मोटर, मोटरीला बटण. बटण दाबलं की पवनचक्की वारा घालते. ज्या देशातली माणसं मला किलोवॉट विचारायची त्यांना आता मला खरंच उत्तर देता येत होतं. फक्त आकडा उलट्या दिशेचा.

“हिरायामा-सान,” मी म्हणाले, “वारा आला तर?”

“मग उत्तमच,” ते म्हणाले. “वीज वाचेल.”

शिवाय दोन सूचना आल्या. चक्कीचं तोंड कायम दक्षिणेला, फुलांकडे हवं, फोटोसाठी. आणि पात्यांवर कापड पूर्ण ताणलेलं हवं, कारण नुसती जाळी ‘उघडी’ दिसते.

मोटरवाली पहिली जत्रा छान पार पडली. दुसरीही. मी कोपऱ्यात उभी राहून बटण दाबायचे आणि लोक म्हणायचे, “आज काय सुंदर वारा आहे!” एकाच्याही केसाची बट हलत नसायची.

तिसऱ्या जत्रेच्या रविवारी सकाळी हवा अगदी बसलेली होती. आभाळ कोंदट, पिवळट. इचिकावाहून आपल्या मंडळाची बसगाडी आली होती. डबे, सतरंज्या, दोन ढोलक्या. माझी मुलगी रेवाही त्यांच्यात होती, पण तिने मला लांबूनच हात केला. वर्गातल्या मैत्रिणींसमोर गिरणीवाली आई परवडत नसावी. मंडळाचे जोशीकाका आले आणि विचारलं, “किती किलोवॉट?” मी म्हणाले, “काका, आज विचारू नका.”

मोटर चालू होती. पाती डौलात फिरत होती. कापड पूर्ण ताणलेलं, तोंड दक्षिणेला.

जपानी वसंतात कधी कधी दक्षिणेचा वारा असा येतो, की जणू दार उघडून कुणी आत यावं. आधी तळ्यावरचं पाणी काळं झालं. मग बोरू आडवा झाला. मग सतरंज्या उडाल्या, आणि माझ्या डोक्यावर पात्यांचा आवाज बदलला. आधी ‘हूप्, हूप्’ होता, तो एकसलग झाला.

मी धावत आत गेले आणि बटण बंद केलं. काही फरक पडला नाही. चक्कीला आता मोटरीची गरज नव्हती, तीच मोटरीला फिरवत होती. जळक्या रबराचा वास आला, पट्टा तुटून भिंतीवर आपटला, आणि म्हातारी पूर्ण मोकळी झाली. जातं सोडवलेलं. अंगावर ओझं म्हणून काही नाही.

बाहेर येऊन मी ब्रेकचा दोर सोडला. वर पट्टा आवळला, किंचाळल्यासारखा आवाज आला, पाती क्षणभर मंदावली आणि पुन्हा सुटली. टोपीच्या फटीतून धूर यायला लागला. पांढरा, बारीक. मी दोर ओढून ब्रेक सैल केला, तर वेग वाढला. आवळला, तर धूर वाढला. आवळ, सैल, आवळ, सैल. आमच्या चक्कीची पाती जमिनीपासून फार उंचावरून जात नाहीत, म्हणून भोवती कठड्याचा दोरखंड असतो. त्या दोरखंडाबाहेर माणसं मोबाइल वर करून उभी होती. बसगाडीभर माणसं. पातं मोडून सुटलं असतं तर फोटो फार जवळून मिळाले असते.

एकच उपाय होता, चक्कीचं तोंड वाऱ्यापासून फिरवायचं. पण शेपटाचं रहाटचाक एरवीही दोघांनी ओढायचं असतं, आणि मला तर ब्रेकचा दोर सोडता येत नव्हता. तेवढ्यात हिरायामा-सान हातात भोंगा घेऊन धावत आले. ते लोकांना म्हणत होते, “कृपया मागे सरा, धन्यवाद. कृपया यंत्राला हात लावू नका, धन्यवाद.”

“हिरायामा-सान! चाक फिरवायला माणसं हवीत!”

“पाहुण्यांना आत घेता येत नाही! विमा नाही!”

मला त्या क्षणी जपानी आठवेना. इंग्रजीही आठवेना. मी दोरखंडापलीकडे आपली माणसं पाहिली आणि शिवाजीनगरच्या भाजीबाजारात ओरडावं तशी ओरडले, “अहो जोशीकाका! बघताय काय? आत या सगळे! ते चाक धरा आणि डावीकडे ओढा! बायका-पोरं मागे व्हा!”

जोशीकाका पोट सावरत, वाकून दोरखंडाखालून आत आले. त्यांच्यामागे चार-पाच जण. सगळे सॉफ्टवेअरवाले, आयुष्यात माऊसपेक्षा जड काही न ओढलेले. चाकाच्या आऱ्यांवर लटकले. चाक हललं नाही. “जोर लावा!” मी ओरडत होते, डोळ्यांत धूर जात होता. चाक थोडं करकरलं आणि अडलं.

मग मी पाहिलं की हिरायामा-सानांनी भोंगा खाली ठेवला. व्यवस्थित, उभा. कोट काढला, घडी घालून भोंग्यावर ठेवला. आणि येऊन वरच्या आऱ्यावर दोन्ही पायांनी चढले, सगळं वजन टाकलं. चाक फिरलं. ते उतरले, पुढच्या आऱ्यावर चढले. त्यांचं पाहून जोशीकाका दुसऱ्या बाजूने चढले. कुणी मराठीत ‘हेऽऽ’ म्हणत होतं, हिरायामा-सान जपानीत तालावर काहीतरी म्हणत होते, आणि टोपी इंच इंच वळायला लागली. वारा पात्यांच्या अंगावर तिरका यायला लागला. एका पात्यावरचं कापड फाटून उडालं आणि ट्यूलिपांत जाऊन पडलं. आवाज उतरला. पुन्हा ‘हूप्, हूप्’ ऐकू आलं. मी दोर सोडला, ब्रेक धरला, आणि ती थांबली.

कुणाला काही झालं नव्हतं. जोशीकाका जमिनीवर फतकल मारून बसले होते. हिरायामा-सानांच्या तळहाताची सालं गेली होती. त्यांनी रुमालाने हात बांधला, कोट घातला, भोंगा उचलला आणि जाहीर केलं, “आजचं पवनचक्कीचं प्रदर्शन संपलं आहे. धन्यवाद.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना तो कार्यक्रमच वाटला.

रेवा माझ्याजवळ आली. माझ्या काळ्या झालेल्या हातांकडे पाहत जपानीत म्हणाली, “आई, भारी.” मग मराठीत म्हणाली, “पण केवढ्यांदा ओरडलीस.”

चौकशी व्हायचीच होती. कचेरीच्या मोठ्या खोलीत लांब टेबलं, प्रत्येकासमोर चहाची बाटली. मोटरीबद्दल कुणी फारसं विचारलं नाही, कारण मोटर याच खोलीत मंजूर झाली होती. सगळ्यांना एकाच गोष्टीत रस होता. गावसभेचे एक सभासद, वजनदार गृहस्थ, त्यांनी विचारलं, “पाहुण्यांना धोक्याच्या हद्दीत कोणी बोलावलं?”

माझं कंत्राट वर्षागणिक नवं होतं आणि त्या वर्षीचं अजून व्हायचं होतं. परदेशी, अर्धवेळ, बाई. नियम मोडल्याचं खापर फोडायला याहून सोयीचा माणूस गावात शोधून सापडला नसता. हिरायामा-सान काय म्हणतील ते मला ठाऊक होतं. इतकी वर्षं मी त्यांच्या ‘काही झालं तर?’ची घरी येऊन नक्कल करत होते. मी उठायला लागले.

माझ्याआधी ते उठले. वाकले. म्हणाले, “मी बोलावलं. बागेचा प्रमुख मी आहे. मोटरीचा प्रस्तावही माझा होता. जातं बंद करण्याचाही.”

“पण चित्रफितीत या बाई ओरडताना दिसतात,” सभासद म्हणाले.

“हो, त्या मदतीसाठी ओरडत होत्या,” हिरायामा-सान म्हणाले, आणि खाली बसले.

बाहेर कॉफीच्या यंत्रापाशी मी त्यांना गाठलं. आभार कसे मानायचे कळेना. म्हणाले, “हिरायामा-सान, लोकांना मी बोलावलं. तुम्हाला माहीत आहे.”

त्यांनी यंत्रातून कॉफीचा डबा काढला, हाताची पट्टी सांभाळत. “पातो-सान, तुम्ही मराठीत ओरडलात. मला मराठी येत नाही. तुम्ही काय म्हणालात ते मला कसं माहीत असणार?”

एवढं बोलून ते कॉफी प्यायले. मला त्यांच्याबरोबर उभं राहून ती प्यावीशी वाटली, पण ते घड्याळ पाहून निघाले.

शिक्षा म्हणून त्यांना काढलं नाही. इथे काढत नाहीत, बदलतात. ते कचरा विभागात गेले, गावाबाहेरच्या भट्टीजवळच्या कचेरीत. आणि कचेरीने ठरवलं की चक्की कायमची बांधून टाकायची. पात्यांना बोल्ट मारायचे, रात्री रंगीत दिवे सोडायचे. मी लेखी विरोध केला. तो बहुधा कुठेतरी नीट जपून ठेवलेला असेल.

तिला वाचवलं ते प्रेमाने नव्हे, हिशोबाने. हॉलंडहून चक्क्यांचा एक सुतार तपासणीला आला. त्याने टोपीतला जळका पट्टा पाहिला, दात्यांवरून हात फिरवला आणि कचेरीला सांगितलं, “बांधून ठेवा खुशाल. उभी चक्की आतून कुजते. काही वर्षांनी सगळं लाकूड नवं घालावं लागेल.” त्याने खर्चाचा अंदाज सांगितला. खोलीत बाटल्यांची झाकणं उघडल्याचे आवाज आले. पुढच्याच बैठकीत कचेरीच्या लक्षात आलं की पारंपरिक पद्धतीने, धान्य घालून, वारा असेल तेव्हाच चक्की चालवणं हेच गावाच्या संस्कृतीला धरून आहे. मोटर काढली. जातं जोडलं. माझं कंत्राट नवं झालं, पद तेच, अर्धवेळ मार्गदर्शिका.

दगडाला पुन्हा टाकी लावून घेतली, ब्रेकला नवे ठोकळे घातले, चरबी माझी मीच लावली. मग एका मंगळवारी सकाळी वायव्येचा बरा वारा सुटला. जत्रा नव्हती, फुलं नव्हती, बघायला कुणी नव्हतं. मी निम्मं कापड लावलं, गावातल्याच शेतकऱ्याचा गहू जात्यात वैरला, आणि दोर ओढला. चक्की ओझं घेऊन चालायला लागली. तो आवाज निराळाच असतो. पोट भरलेल्या माणसाने बोलावं तसा.

पहिली कागदी पिशवी भरली आणि मी दुपारी सायकल काढून कचरा विभागात गेले. हिरायामा-सान काउंटरवर होते. समोर एक आजीबाई होत्या आणि छत्री कुठल्या कचऱ्यात टाकायची यावर दोघांची गंभीर चर्चा चालली होती. काडी धातूची, कापड नायलॉनचं, मूठ लाकडाची. मी थांबले. आजीबाईंचं समाधान झाल्यावर पुढे होऊन पिशवी काउंटरवर ठेवली.

“आजचं आहे,” मी म्हणाले. “वाऱ्यावरचं.”

त्यांनी ती दोन्ही हातांनी घेतली. सायकलच्या टोपलीत ती दुपारच्या उन्हातून आली होती. त्यांनी तळहाताने चाचपली आणि म्हणाले, “अजून कोमट आहे.”

“दगडाची ऊब आहे ती,” मी खोटं सांगितलं.

त्यांनी ते लिहून घेतलं नाही. पिशवी छातीशी धरली. त्यांच्या तळहातावरचा व्रण मला दिसला. मी ‘येते’ म्हणून दाराकडे वळले.

“पातो-सान,” त्यांनी मागून हाक मारली. ते पिशवी उलटीसुलटी करून पाहत होते. “आतून प्लॅस्टिकचं अस्तर आहे. रिकामी झाल्यावर कागदात टाकायची की प्लॅस्टिकमध्ये, हे तुम्ही यावर छापलेलं नाही.”